साथीला कोण आहे?

मैफलीत गायकाला किंवा वादकाला ताल आणि सूर धरून देणे म्हणजे साथसंगत, आणि ती करणारा तो साथीदार. मराठी रसिक कार्यक्रमाला जायचे ठरवताना आधी गाणाऱ्याचे नाव विचारतो आणि लगेच पुढचा प्रश्न टाकतो, ‘साथीला कोण आहे?’ प्रश्न दर्दी माणसाचा आहे. साथ नीट नसेल तर भल्या गवयाचीही मैफल पडते, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. पण त्या प्रश्नातच क्रमही ठरून गेलेला आहे. साथीदाराचे नाव दुसरे. पत्रिकेवर ते खाली बारीक टायपात छापले जाते, निवेदनात एका दमात उरकले जाते आणि मानधनाच्या पाकिटातही तो क्रम दिसतो.

गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या दुसऱ्या नावांपैकी काही पहिल्या जागी आली. तबलजी, पेटीवाले, व्हायोलिनवादक, बासरीवाले स्वतःच्या नावाने कार्यक्रम करू लागले. हे कसे घडले आणि त्यासाठी त्यांना काय नवे करावे लागले, हे समजून घ्यायला नाशिक सोयीचे गाव आहे. मुंबई-पुण्याएवढी नामवंत गवयांची वस्ती इथे कधी नव्हती, पण बाहेरून आलेल्या गवयाला बिनघोर गाता यावे अशी साथ गावातच मिळत आली. नाशिकच्या संगीताचा मोठा भाग हा साथीदारांनी सांभाळलेला आहे.

पिंपळपारावरची पहाट

दिवाळी पाडव्याच्या पहाटे जुन्या नाशकात नेहरू चौकातल्या पिंपळपारावर मैफल भरते. उजाडायच्या आत माणसे येऊन बसतात. अंगावर नवे कपडे, उटण्याचा आणि अत्तराचा वास, लहान मुले अर्धवट झोपेत. गायक सर्वांत शेवटी मंचावर येतो. त्याच्या आधी तिथे कामाला लागलेली माणसे तीनच असतात: ध्वनिव्यवस्थेचा माणूस, तबलजी आणि पेटीवाला.

पहाटेची हवा गार आणि किंचित ओलसर असते. अशा हवेत तबल्याचे कातडे सैल पडते आणि सूर उतरतो. तबलजी पेटीवाल्याकडे षड्ज मागतो. पेटीवाला एक पट्टी दाबून भाता हलकेच चालू ठेवतो आणि तबलजी हातोडी घेतो. फरक जास्त असेल तर चामड्याच्या वाद्यांखालच्या लाकडी गठ्ठ्यांवर ठोके बसतात, थोडा असेल तर कडेच्या गजऱ्यावर. ठोका वरून खाली दिला की सूर चढतो, खालून वर दिला की उतरतो. एक घर जुळले म्हणून काम संपत नाही. तबल्याच्या कडेला सोळा घरे असतात आणि प्रत्येक ठिकाणी बोट टेकवून तोच सूर येतो का, हे पाहावे लागते. एखादे घर ऐकत नाही. त्याच्या समोरचे घर ठोकले की मग ते येते.

पुढची गंमत उजाडल्यावर सुरू होते. ऊन मंचावर आले की कातडे ताणले जाते आणि तबला हळूहळू चढू लागतो. पेटीच्या पितळी पत्त्या मात्र होत्या तिथेच असतात. गायक दोन गाण्यांच्या मध्ये पाण्याचा घोट घेतो, निवेदक चार वाक्ये बोलतो, टाळ्या वाजतात; तेवढ्या वेळात तबलजी मान खाली घालून तबला पुन्हा उतरवून घेतो. समोरच्या शेकडो श्रोत्यांपैकी हे फार थोड्यांच्या लक्षात येते. साथीदाराचे बरेचसे काम असेच, लक्षात न येण्यासाठी केलेले असते.

ऐकण्याचे काम

बहुतेक मैफलींना तालीम नसते. साथीदार गायकाला त्याच संध्याकाळी, कित्येकदा मंचामागच्या खोलीतच भेटतो. पहिला प्रश्न पट्टीचा. गायक पांढरी एक किंवा काळी एक सांगतो, गायिका काळी चार किंवा पांढरी पाच. अनुभवी तबलजी दोन-तीन तबले घेऊनच निघतो, कारण एकाच तबल्याला चार सूर चढवायला लावले तर तो नीट बोलत नाही. दुसरा प्रश्न तालाचा आणि लयीचा. बाकी सगळे समोर बसल्यावर कळते.

विलंबित ख्यालात तबलजीने ठेका धरायचा असतो. ऐकायला सोपे वाटते, पण बारा किंवा सोळा मात्रांचे लांबलचक आवर्तन पाऊण तास एकाच चालीने वाहते ठेवणे आणि त्यात ठोकळेबाजपणा येऊ न देणे, याला वर्षे लागतात. गायक आलापात रमला की लय किंचित रेलते. ती ओढून सरळही करायची नाही आणि ढळूही द्यायची नाही. मुखडा घेऊन समेवर आल्यावर छोटी जागा मिळते. तिथे काय भरायचे आणि किती, यावर साथीदाराची पारख होते. जास्त भरले तर ‘साथीला बसून सोलो वाजवतो’ असा शेरा मिळतो आणि तो गावोगाव पोहोचतो.

पेटीवाल्याचे काम आणखी नाजूक. गायकाचा स्वर निघाल्यावर क्षणभरानेच पेटीतून तो निघाला पाहिजे. आधी निघाला तर गायकाच्या पुढच्या जागेची वाच्यता होते, फार मागे राहिला तर गाण्याला ओझे होते. गायकाने श्वास घेतला की पोकळी राहू नये म्हणून शेवटचा स्वर धरून ठेवायचा. त्यासाठी पेटीवाला पट्ट्यांकडे पाहत नाही, गायकाच्या चेहऱ्याकडे आणि हाताकडे पाहतो.

अशा वीस-तीस वर्षांत साथीदाराच्या कानावर ग्वाल्हेर, किराणा, जयपूर, आग्रा अशा सगळ्या गायकी अगदी जवळून पडतात. गायक आपल्या घराण्याचा अभ्यास करतो, साथीदाराला सगळ्यांचा करावा लागतो. एकच राग दहा जणांच्या गळ्यातून, तोही दोन हातांवर बसून, ऐकलेला माणूस मैफलीतला सर्वांत बहुश्रुत माणूस असतो. ही शिदोरी त्याच्यापाशी आधीपासून असते. प्रश्न ती उघडायला जागा मिळण्याचा असतो.

पडद्याखाली, पडद्यावर

त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला आणि त्याच वर्षी त्यांनी आपले बिऱ्हाड नि कंपनी नाशिकला हलवली. चित्रपट मुका होता, पण थिएटर मुके नव्हते. मूकपटांच्या खेळांत पडद्याच्या खाली किंवा बाजूला पेटी-तबला घेऊन वादक बसत आणि पडद्यावर जे दिसेल त्याला शोभेल असे वाजवत. त्यांची नावे कुठे नोंदली गेली नाहीत. पडद्यावरच्या पाट्यांवर ती नसत आणि प्रेक्षकांना अंधारात त्यांचे चेहरेही दिसत नसत. चित्रपटसृष्टीतल्या अनाम साथीदारांची रांग तिथून सुरू होते.

मूकपटापासून एकोणीस वर्षांनी हरिश्चंद्राची तीच कथा मराठीत बोलली. प्रभातच्या १९३२ सालच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये हरिश्चंद्राची भूमिका केली आणि संगीतही दिले ते गोविंदराव टेंबे यांनी. टेंबे (१८८१–१९५५) हे मुळात पेटीवाले. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाच्या साथीने त्यांचे नाव झाले. १९११ साली ‘मानापमान’च्या पदांना त्यांनी चाली दिल्या आणि १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्याबरोबर गंधर्व नाटक मंडळी काढली. पेटी हे साथीचे वाद्य मानले जात असताना त्यांनी ती स्वतंत्रपणे वाजवून दाखवली. हरिश्चंद्राच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी पेटीवाला पडद्याखाली अंधारात होता आणि पहिल्या मराठी बोलपटात तोच हरिश्चंद्र होऊन पडद्यावर उभा होता. इतक्या थोड्या वर्षांत एवढे अंतर कापणारा दुसरा साथीदार सांगता येत नाही.

त्याच गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते. संगीत नाटकामुळे मराठी प्रेक्षकाला तबला ऐकण्याची सवय लागली, यात त्यांचा वाटा मोठा. पुढे त्यांच्या एकलवादनाचे मोठे नाव झाले आणि १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तबलजीला स्वतंत्र कलावंत मानण्याची ही वाट नंतर अल्लारखाँ, झाकीर हुसेन यांनी जगभर नेली. डिसेंबर २०२४ मध्ये झाकीर हुसेन गेले, त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांना एकाच समारंभात तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले होते.

पेटीवरची बंदी

तबल्याला मान मिळाला, पेटीच्या वाट्याला मात्र मधेच वनवास आला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली. तिचे सूर ठरावीक अंतरावर बसवलेले, त्यात श्रुती नाहीत. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही, आणि वाद्य परदेशी, असे तीन आक्षेप होते. पहिले दोन खरे आहेत. पण ज्या देशात खेड्यापाड्यातले भजन, कीर्तन, नाटक आणि गाण्याचे वर्ग पेटीवर चालतात, तिथे तीन दशके रेडिओवर पेटी नव्हती, याची झळ एका आख्ख्या पिढीला बसली. त्या काळात रेडिओ हेच वादकाचे नाव गावोगाव पोहोचवणारे साधन होते. १९७१ साली बंदी उठली ती साथीपुरती. एकलवादनाला आकाशवाणीचे दार त्यानंतरही बराच काळ लागलेलेच राहिले.

तरीही पेटी पुढे आली, आणि ती मराठी हातांतून आली. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी ती मैफलीच्या मध्यभागी आणली. गोव्यातल्या बोरीत जन्मलेल्या बोरकरांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. मींड न निघणाऱ्या वाद्यातून मींडेचा भास कसा करायचा, हे या लोकांनी शोधले. पट्टी पूर्ण न दाबता अर्धी उचलायची, शेजारच्या सुराला ओझरता स्पर्श करून पुढे जायचे, आणि त्याच वेळी भात्याचा दाब कमी करून आवाज विरघळवायचा. कान फसतो आणि दोन सुरांमधली फट बुजते. डावा हात नुसती हवा भरत नाही, गळ्याचे काम करतो. ही युक्ती साथीतूनच आली आहे. गळ्यामागे वर्षानुवर्षे धावलेल्या बोटांनाच ती सुचू शकते.

गाणारे व्हायोलिन

विष्णु दिगंबर पलुस्करांनी आयुष्याची अखेरची वर्षे नाशिकला पंचवटीतल्या रामनाम आधाराश्रमात काढली. त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर यांचा जन्म १९२१ साली नाशिकचाच. १९५५ साली, चौतीस वर्षांचे असताना ते गेले. त्यांच्या मैफलींत व्हायोलिनची साथ करणाऱ्यांपैकी एक होते दामोदर केशव दातार. दातारांनी पुढे स्वतंत्र व्हायोलिनवादक म्हणून नाव मिळवले, २००४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वादनात गायकी होती असे सगळेच म्हणतात. ती कुठून आली हे पाहायला फार लांब जावे लागत नाही. पलुस्करांचे स्वच्छ, आटोपशीर गाणे ज्याने शेजारी बसून गजाने गिरवले, त्याचा गज गाणारच.

पण मराठी घराघरांत साथीदाराचे एकल वाद्य पोहोचवले ते प्रभाकर जोगांनी. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या हरेगावात १९३२ साली जन्मलेले जोग पुण्यात वाढले. गजाननराव जोशी आणि नारायणराव मारुलकर यांच्याकडे शिकले आणि अगदी लहान वयात वाड्यावाड्यांतून कार्यक्रम करू लागले. बिदागी सव्वा रुपया आणि नारळ. पुढे ते सुधीर फडक्यांचे साहाय्यक झाले. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. त्याची छप्पन्न गीते आणि त्यानंतरचे फडक्यांचे असंख्य कार्यक्रम, यांच्या मागे जोगांचे व्हायोलिन होते. संगीतकार म्हणूनही जोगांनी काम केले. मालती पांडे यांनी गायलेले ‘लपविलास तू हिरवा चाफा’ ही त्यांचीच चाल. पण ‘गाणारं व्हायोलिन’ या नावाने त्यांनी स्वतःचे कार्यक्रम आणि ध्वनिमुद्रणे काढली, तेव्हा लोकांना जोग दिसले. २०२१ साली ते गेले.

त्यांच्या व्हायोलिनमधून शब्द ऐकू येतात, असे श्रोते म्हणत. ती निव्वळ स्तुती नव्हती, त्यामागे कारागिरी आहे. भावगीत वाद्यावर वाजवताना नुसते स्वर वाजवले तर ते सुरावट म्हणून चांगले वाटते, पण गाणे वाटत नाही. शब्दाच्या पहिल्या अक्षराला गज नव्याने लावावा लागतो. दीर्घ अक्षर एकाच गजात लांबवायचे, ऱ्हस्व तोडायचे. जोडाक्षरावर गजाचा किंचित धक्का द्यायचा, अनुस्वारावर आवाज मिटत न्यायचा. गायक जिथे श्वास घेतो तिथे वाद्याला श्वासाची गरज नसली तरी थांबायचे. यासाठी गाण्याचे शब्द पाठ असावे लागतात आणि ते मूळ गायकाने कसे टाकले हेही कानात असावे लागते. हजार वेळा साथ केलेल्या माणसाला ते वेगळे पाठ करावे लागत नाही. लहानपणापासून निव्वळ एकलवादन केलेल्या वादकाला हे साधतेच असे नाही, आणि म्हणून साथीचा काळ हा जोगांच्या बाबतीत उमेदवारीचा काळ नव्हता. तीच त्यांची घडण होती.

स्टुडिओतली माणसे

चित्रपटाच्या गाण्यात साथीदारांची संख्या पन्नास-साठवर गेली आणि नावे आणखी पुसट झाली. रेकॉर्डिंगच्या दिवशी वादक स्टुडिओत येत, अरेंजरने लिहिलेले कागद समोर घेत, दोन-चार तालमी होत आणि टेक सुरू होई. सगळे एकदम वाजवत असल्याने शेवटच्या ओळीला एकाचा सूर चुकला तरी पुन्हा पहिल्यापासून. ओके झाले की मानधन घ्यायचे आणि पुढच्या स्टुडिओकडे निघायचे. गाणे कोणत्या चित्रपटाचे, हे पुष्कळदा ते रेडिओवर लागल्यावर कळे. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार यांची नावे असत, वादकांची नसत.

यातूनही काही जण पुढे आले, पण बहुतेक संगीतकार होऊन. मूळचे गोव्याचे दत्ताराम वाडकर शंकर–जयकिशन यांच्याकडे ढोलक वाजवत आणि तालाची बाजू सांभाळत. त्यांनी बसवलेला ढोलकाचा ठेका ‘दत्ताराम ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. १९५७ सालच्या ‘अब दिल्ली दूर नहीं’पासून ते स्वतंत्र संगीतकार झाले. मेंडोलिन वाजवणारे लक्ष्मीकांत कुडाळकर आणि व्हायोलिन वाजवणारे प्यारेलाल शर्मा हेही स्टुडिओतल्या रांगेतलेच. १९६३ च्या ‘पारसमणी’ने त्यांची जोडी नावारूपाला आली. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. या गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात भारतीय रागांवर रचलेला वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. स्टुडिओतल्या वादकाने स्वतःच्या नावावर केलेला एवढा मोठा प्रयोग त्या काळात विरळाच. तो टिकला नाही. गोन्साल्विस यांचे नाव देशभर झाले ते १९७७ साली, त्यांच्या शिष्याने संगीत दिलेल्या चित्रपटातल्या एका पात्रामुळे. आणि ते नाव खऱ्या माणसाचे आहे, हे त्या पात्राचे गाणे गुणगुणणाऱ्या बहुतेकांना माहीत नव्हते.

नव्वदच्या दशकात सिंथेसायझर आणि वेगवेगळ्या ट्रॅकवर ध्वनिमुद्रण करण्याची पद्धत आली. साठ जणांचे काम चार जणांवर आले आणि व्हायोलिनचे ताफेच्या ताफे घरी बसले. नुकसान मोठे होते. पण त्याच काळात जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमांना गर्दी होऊ लागली आणि आयोजकांनी मूळ वादकांना शोधून मंचावर आणायला सुरुवात केली. पुण्याच्या एनॉक डॅनियल्स यांच्यासारख्या अ‍ॅकॉर्डियनवादकाने एखाद्या प्रसिद्ध गाण्याचा सुरुवातीचा तुकडा वाजवला की प्रेक्षागृह टाळ्यांनी भरून जाते. लोक तो तुकडा चाळीस वर्षे ऐकत असतात. तो वाजवणारा माणूस समोर आहे हे त्यांना त्या क्षणी कळते. जगातही हे याच सुमाराला घडत होते. क्यूबातल्या विस्मरणात गेलेल्या वृद्ध वादक-गायकांचा ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ हा अल्बम १९९७ चा, आणि अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीच्या वादकांवरचा माहितीपट २००२ चा.

नावाचा प्रश्न फक्त मानाचा नाही, तो हक्काचाही आहे. भारतीय कॉपीराइट कायद्यात कलावंताचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने आले आणि २०१२ च्या दुरुस्तीने मानधनापलीकडे व्यावसायिक वापरातला वाटा मान्य केला. पण चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक आहे आणि ज्याचे नाव रिवाजाप्रमाणे श्रेयनामावलीत येत नाही, त्याला जवळजवळ सगळ्या हक्कांसाठी ‘कलावंत’ मानत नाहीत, अशी तरतूदही त्याच कायद्यात आहे. म्हणजे पाटीवर नाव नसणे हे आधी दुर्लक्ष होते, आता त्याचे पैशांत मोजता येईल असे परिणाम आहेत. साथीदारांनी नाव छापण्याचा आग्रह धरला की काही आयोजकांना तो मानपानाचा हट्ट वाटतो. तो तसा नाही.

छोट्या पडद्यावरची ओळख

मराठी घरांत वादकाला चेहरा मिळाला तो दूरचित्रवाणीमुळे. झी मराठीच्या ‘सारेगमप’ने, विशेषतः २००८-०९ च्या लिटल चॅम्प्सच्या पर्वाने, वादकांना स्पर्धकांच्या बरोबरीने कॅमेऱ्यापुढे बसवले. आठवड्यातून दोन रात्री ढोलकीवर निलेश परब, तबल्यावर अर्चिस लेले, बासरीवर अमर ओक, कीबोर्डवर सत्यजित प्रभू दिसू लागले. लावणी आली की कॅमेरा ढोलकीवर जाई, भावगीत आले की बासरीवर. परीक्षक गायकाइतकेच वादकाला दाद देत. घरी बसलेल्या प्रेक्षकाला गाण्यातला कोणता आवाज कोणाच्या हातून येतो हे प्रथमच सलगपणे पाहायला मिळाले. त्यानंतर अमर ओक यांचा ‘अमर बन्सी’ हा केवळ बासरीचा कार्यक्रम गावोगाव चालला. त्यात निवेदन आहे, ओळखीची गाणी आहेत, प्रेक्षकांशी गप्पा आहेत; मध्यभागी मात्र गायक नाही. ज्या गावात बासरीच्या शास्त्रीय मैफलीला पन्नास माणसे येतील की नाही अशी शंका असते, तिथे या कार्यक्रमाला नाट्यगृह भरते.

नाशिकचे वर्ग

नाशिकला तबल्याच्या शिक्षणाची चांगली बांधणी आहे. पवार तबला अकादमी आणि आदिताल तबला अकादमी यांसारख्या संस्थांत मुले वर्षानुवर्षे शिकतात. तबलागुरू भानुदास पवार यांच्या स्मृत्यर्थ संगीत महोत्सव होतो, तिथे तबल्याचे एकलवादन हा मुख्य कार्यक्रम असतो. गायनाच्या मैफलीला जाणारा श्रोता तिथे पेशकार, कायदा, रेला हे तबल्याचे रचनाप्रकार ऐकायला बसतो, हे गावाने कमावलेले आहे.

शिक्षणाची एक विसंगती इथे स्पष्ट दिसते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंतच्या तबल्याच्या परीक्षांचा भर एकलवादनावर आहे. विद्यार्थी परीक्षकापुढे तीनताल सजवतो, कायद्याचे पलटे करतो, तिहाई घेऊन समेवर येतो. पुढे तबल्यावर पोट भरायचे तर त्याला साथ करावी लागते, आणि साथ तो प्रत्यक्ष गायकांपुढे बसून, चुका करत शिकतो. म्हणजे तरुण तबलजी एकलवादन शिकून साथीला येतो, वीस वर्षे साथ करतो आणि मग पुन्हा एकलवादनाकडे वळतो. दुसऱ्या वेळचे एकलवादन पहिल्यापेक्षा निराळे असते. पहिल्यात हात दिसतो, दुसऱ्यात ठेका ऐकावासा वाटतो. त्यात थांबे येतात. सुरेश तळवलकर आपल्या एकलवादनात लेहऱ्याच्या, म्हणजे मागे सतत वाजणाऱ्या एकाच सुरावटीच्या, जागी गायलेली बंदिश घेतात, ती कल्पना साथीचा मोठा अनुभव असलेल्या माणसालाच सुचण्यासारखी आहे.

नाशिकच्या साथीदाराला महिन्याचा हिशेब अनेक ठिकाणांहून जुळवावा लागतो. शिकवण्या हा कणा. त्याला जोड लग्नसराईतल्या सुगम संगीताची, भजन-कीर्तनाची, परशुराम साईखेडकर नाट्यगृहातल्या आणि कालिदास कलामंदिरातल्या कार्यक्रमांची. एखाद्याला मुंबईत रेकॉर्डिंग मिळाले तर सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन त्याच गाडीने रात्री परत येता येते. अलीकडे ट्रॅकवर गाण्याची हौस वाढली. हौशी गायकाला मोबाइलवर तयार वाद्यवृंद मिळतो, तो पट्टी बदलून देतो आणि पैसे मागत नाही. वादकांच्या छोट्या कामांना यामुळे गळती लागली आहे. ट्रॅक मात्र गायकाची लय चुकली तर सांभाळून घेत नाही. ज्याने एकदा चांगल्या तबलजीबरोबर गायले आहे, त्याला हा फरक पहिल्या कडव्यातच कळतो.

या गावात वादक सगळ्यांच्या पुढे असतो अशी एक जागा पूर्वीपासून आहे, ती म्हणजे मिरवणूक. नाशिक ढोलाचे नाव राज्याबाहेरही आहे. तिथे गायक नसतोच, ढोल-ताशा हाच कार्यक्रम असतो आणि माणसे वादकांना पाहायला रस्त्याच्या कडेला उभी राहतात. मैफलीतल्या तबलजीला मध्यभागी पाहताना नाशिककराला फारसे नवल वाटत नाही, याचे थोडे श्रेय या ढोलांना द्यायला हवे.

मधली बैठक

साथीदार मध्यभागी बसला की पहिली अडचण वेळेची येते. साथीत तास कसे भरायचे हे गायक ठरवतो. एकट्याने तासभर वाजवायचे तर सुरुवात, चढ, विसावा यांची आखणी स्वतः करावी लागते, आणि पुष्कळ निष्णात साथीदार पहिल्या काही कार्यक्रमांत वीस मिनिटांतच जवळचे सगळे वाजवून मोकळे होतात. दुसरी अडचण बोलण्याची. पेशकार म्हणजे काय, कायद्यातून पलटे कसे फुटतात, हे श्रोत्याला सांगितले तर तो बरोबर येतो. पण ज्याने तीस वर्षे मंचावर तोंड उघडले नाही, त्याला माइकवर दोन वाक्ये बोलणे जड जाते. काही जण बोल तोंडाने म्हणून दाखवतात आणि मग तेच वाजवतात. श्रोत्याला ‘धिरधिर’ आधी कानाने मिळते, मग हातावर दिसते, आणि तिथेच बहुधा पहिली टाळी पडते.

ध्वनिव्यवस्थाही बदलावी लागते. साथीच्या वेळी डग्ग्याचा माइक दबका ठेवतात, नाहीतर गायकाचे शब्द बुडतात. एकलवादनात डग्ग्याचा घुमारा आणि मनगटाने काढलेली घसीट ऐकू आलीच पाहिजे. तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असे दोन माइक मागून घ्यावे लागतात. ज्या माणसाने इतकी वर्षे ‘तबला थोडा कमी करा’ हेच ऐकले, तो पहिल्यांदा ‘थोडा वाढवा’ म्हणतो.

आणि त्याच्या शेजारी पेटी घेऊन आणखी एक जण बसलेला असतो. त्याला लेहरा धरायचा असतो: सोळा मात्रांची एकच सुरावट, तासभर, लय तसूभर न हलवता. तबलजी आडीत जाईल, दुप्पट-चौपट करेल, तिहाई अशी टाकेल की सम कुठे आहे हे श्रोता विसरेल. पेटीवाल्याने विसरायचे नाही. लेहरा ढळला तर तबलजीचा सगळा हिशेब कोसळतो. हा पेटीवाला एरवी त्याच तबलजीबरोबर गायकांच्या साथीला बसणारा असतो, पुष्कळदा त्याच गावचा, त्याच वयाचा. कार्यक्रम ठरतो तेव्हा तबलजी स्वतःच फोन करून त्याची तारीख मागतो, आणि पत्रिकेचा मजकूर छापखान्यात देताना त्याचे नाव कोणत्या टायपात आहे हे बघून घेतो.